काफाची भाषा

कसायांच्या आळीतल्या कारंज्यापाशी एका मोलकरणीच्या हातून घागर निसटली, दगडी काठावर आपटून फुटली, आणि त्या क्षणी ती बाई जे बोलली ते ऐकून ओबेर्तो जागच्या जागी थांबला. ती शिवी होती. कुत्र्याच्या अवलादीवरून दिलेली, घशातून खरवडून काढलेली, अगदी साधी शिवी. पण ती इथल्या, जिनोआच्या भाषेतली नव्हती. तातारी होती. मागून येणाऱ्या गाढववाल्याने "आजोबा, रस्ता काय तुमच्या नावावर आहे?" म्हणून हटकलं, गाढवाची ओली पाठ त्याच्या बाहीला घासून गेली, तरी तो हलला नाही. इतक्या वर्षांत या शहरात ती भाषा त्याने फक्त स्वतःच्या तोंडून ऐकली होती, तीही एकटाच पुटपुटताना. तो पुढे झाला. "लागलं का गं?" त्याने त्याच भाषेत विचारलं, आणि विचारताना स्वतःचा आवाज त्याला तरुण वाटला. बाईने मान वर केली. चाळिशीची असावी. रुंद कपाळ, डोक्याला घट्ट बांधलेलं करडं फडकं, पाण्याने भिजून पायांना चिकटलेला घागरा. तिने त्याच्याकडे पाहिलं आणि तिच्या चेहऱ्यावर एकदम काहीतरी हललं. ओळख पटल्यावर माणसाचा चेहरा हलतो तसं, असं ओबेर्तोला वाटलं. मग तिने फुटक्या घागरीचा कान तेवढा उचलला आणि चढाच्या गल्लीत, जवळजवळ पळतच, दिसेनाशी झाली.

त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही. मुलीने ताटात वाढलेल्या चण्याच्या पिठाच्या पोळीचे तुकडे करत तो बसून राहिला. बाहेर गल्लीत नेहमीचे आवाज होते. पण आज त्या आवाजांच्या खाली कुठेतरी ती शिवी वाजत होती, आणि तिच्या मागोमाग काफा येत होतं. काळ्या समुद्राच्या काठी जिनोआच्या लोकांनी वसवलेलं काफा. तिथे त्याचा जन्म झाला, त्याच्या बापाचाही तिथेच. जिनोआ त्याने पन्नाशी उलटल्यावर पहिल्यांदा पाहिलं, ते तुर्कांनी काफा घेतल्यावर, त्यांच्या गलबतात कोंबून कॉन्स्टॅन्टिनोपलला नेल्यावर, आणि तिथून कसंबसं सुटल्यावर. आणि इथले लोक त्याला पहिल्या दिवसापासून म्हणत आले, "बरं झालं, आपल्या घरी परत आलात." परत कसला? या उंच घरांच्या मधल्या चिरेसारख्या गल्ल्या, दुपारीही दिवा लावावा लागणाऱ्या खोल्या, डोंगराने समुद्रात ढकलून दिल्यासारखं हे शहर, यातलं काहीच त्याचं नव्हतं. त्याचं होतं ते तिकडे, बंदरावरच्या जकातीच्या छपरात, जिथे मेण, कातडी आणि खारवलेल्या माशांचे ढीग असत आणि दोन माणसांच्या मधोमध तो उभा असे. एकाच्या अंगाला मेंढीच्या चरबीचा वास, दुसऱ्याच्या दाढीला गुलाबपाण्याचा. एक बोले, ओबेर्तो ऐके, आणि तेच बोलणं त्याच्या तोंडून दुसऱ्या कपड्यांत बाहेर पडे. दोघंही त्याच्या तोंडाकडे पाहत. आपल्याशिवाय या दोघांना एकमेकांचं मन कळायचं नाही, ही जाणीव त्याला रोज सकाळी अंगातून ऊन गेल्यासारखी सुखवायची. तातारी, ग्रीक, तुर्की, आर्मेनियन, शिवाय आपली जिनोई. कधीकधी त्याला धक्क्यामागच्या गुलामांच्या वखारीत बोलावत. तिथे जायचा त्याला कंटाळा होता. वास असे, आणि दुभाष्याला काम असं नसेच. विकायला आणलेल्या माणसाशी काय घासाघीस करायची? ते काम तो हाताखालच्यांवर ढकलायचा.

आणि मग शूशान. बायकोचं नाव मनात आलं की ते नेहमी तिच्याच उच्चारात येई. शूशान आर्मेनियन होती, पण काफाचे आर्मेनियन घरात तातारीच बोलत, प्रार्थनासुद्धा तातारीत करत. त्याचं लग्न, त्याची भांडणं, पांघरुणातलं कुजबुजणं, सगळं त्या भाषेत झालं होतं. आज ऐकलेली ती शिवी शूशान मांजराला द्यायची. मांजर दुधाच्या भांड्याकडे सरकलं की हात पुसत पुसत ती ओरडायची, आणि मांजराला ती शिवी म्हणजे आपलं नाव आहे असं वाटून ते आणखी जवळ यायचं. कॉन्स्टॅन्टिनोपलच्या एका दमट खोलीत तापाने ती गेली तेव्हा "वारा येतोय, दार लोटून घे" एवढंच म्हणाली होती. ते वाक्य त्याने कधी जिनोईत मनातल्या मनातही आणलं नव्हतं.

"बाबा, पोळी गार झाली," पेलेग्रा म्हणाली. त्याची एकुलती एक मुलगी, काफात वाढलेली. आता तिच्या बोलण्यात काफाचा लवलेशही राहिला नव्हता. सासरच्या बायकांसारखी ती शब्दांची शेपटं गिळायला शिकली होती.

"आज एक बाई भेटली," तो तातारीत म्हणाला. "आपली भाषा बोलणारी."

पेलेग्राने दाराकडे पाहिलं. "बाबा, नको ना," ती जिनोईत म्हणाली. "लोदिझियो येतील आत्ता."

लोदिझियो तिचा नवरा. कापडाचा व्यापारी, माणूस वाईट नव्हता. सासऱ्याला घरात ठेवून घेतलं होतं, वरची खोली दिली होती, आणि जेवताना "बाबांना आधी वाढ" म्हणायला तो विसरत नसे. पण त्याच्या बोलण्यात पूर्वेचा विषय निघाला की तो एखाद्या वारलेल्या माणसाविषयी बोलावं तसा आवाज खाली आणायचा. "पूर्वेचं आता काही राहिलं नाही, बाबा. जग तिकडे सरकलंय," आणि तो हात मावळतीकडे करायचा, जिथे जेवणघराच्या भिंतीवर फक्त कांद्याची माळ टांगलेली होती. तिकडे म्हणजे लिस्बन. निम्मी गल्ली लिस्बनला चालली होती. सुतार गेले, दोराचे कारागीर गेले, चुलत-मावस भाऊ एकमेकांना ओढून नेत होते. आफ्रिकेच्या किनाऱ्याने खाली खाली जाणारी गलबतं, त्यांतून येणारं सोनं, मिरीसारखं तिखट काहीतरी, काळी माणसं. वसंत संपायच्या आत लोदिझियोही बिऱ्हाड हलवणार होता. ओबेर्तोने यायचं की नाही, हे त्याच्यावर सोडलं होतं. म्हणजे त्याने यावं हे ठरलेलं होतं, आणि त्याने हो म्हणावं एवढंच बाकी होतं.

त्याने हो म्हटलं नव्हतं, कारण तो वाट पाहत होता. काफाचा कारभार जिनोआतल्या ज्या कचेरीतून चालायचा, तिच्या बाहेरच्या बाकावर तो दर आठवड्याला जाऊन बसे. कधीतरी सुलतानाकडे वकील जातील, तातारांच्या खानाकडे माणूस पाठवावा लागेल, काफा परत मिळवायचं बोलणं निघेल, आणि मग कुणीतरी विचारील, तिकडची भाषा येणारं कुणी आहे का? पहिल्या वर्षी कारकून उठून उभा राहायचा. मग बसूनच बोलायला लागला. आता दारावरचा शिपाईच लांबून हात हलवायचा. "काका, तातार अजून आले नाहीत. आले की तुम्हालाच निरोप धाडतो!" आणि आतले दोघंतिघं हसायचे. ओबेर्तोही हसायचा. मग घरी येताना चढावर त्याला त्या हसण्याचा राग यायचा. त्यांच्या नव्हे, स्वतःच्या.

आणि आता ही बाई. तिचा पत्ता काढायला त्याला वेळ लागला नाही. पाणी भरणाऱ्या बायकांनी सांगितलं, ती मार्ता, व्हिओलांतेबाईंची दासी, लहान असताना विकत आणलेली. व्हिओलांतेबाई म्हणजे एका नोटरीची विधवा. दर रविवारी त्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या दगडी देवळात यायच्या आणि मार्ता त्यांच्यामागे गुडघे टेकायची गादी घेऊन उभी असायची. ओबेर्तो त्या देवळात जाऊ लागला. खांबाच्या आडून, पाद्र्याचा आवाज चढला की तो हळूच म्हणायचा, "तू कुठल्या गावची?" मार्ताची पाठ ताठ व्हायची, बस. पुढच्या रविवारी, "भिऊ नकोस, मी काफाचा. मला फक्त बोलायचंय." ती बाईसाहेबांच्या दुसऱ्या बाजूला जाऊन उभी राहिली. त्याला कळेना. त्याच्या तोंडून ते शब्द बाहेर पडत होते तेव्हा त्याच्यासमोर अख्खं काफा उभं राहत होतं, आणि तिला काहीच होत नव्हतं? ती भाषा ऐकून कुणाचं काळीज दगडाचं राहू शकतं? हळूहळू त्याला तिचा राग येऊ लागला. धान्याची कोठी भरलेली असून दारातल्या भुकेल्याला मूठभर न देणाऱ्या बाईचा यावा तसा. त्या भाषेचं या शहरात उरलेलं दुसरं टोक तिच्या हातात होतं आणि ती ते घट्ट मुठीत धरून उभी होती. रात्री अंथरुणात तो तिच्याशी बोलायचा. ती उत्तरं द्यायची, थेट शूशानसारखी चिडून, तिरकी उत्तरं. सकाळी उठला की तोंड कोरडं असायचं.

त्याच दिवसांत लोदिझियोचा आन्फ्रेओने नावाचा चुलतभाऊ लिस्बनहून आला आणि त्यांच्याकडे जेवायला राहिला. उन्हाने नाक सोललेला, मोठ्याने हसणारा माणूस. दोन वेळा गलबतावर आफ्रिकेच्या किनाऱ्याला जाऊन आलेला. पेलेग्राने त्या दिवशी माशात ऑलिव्ह आणि सुकी द्राक्षं घातली होती, घरात सणासारखा वास होता. पाहुणा वाळूविषयी, लाटांविषयी, तिथल्या लोकांच्या होड्यांविषयी सांगत होता. ओबेर्तोचा घास हातातच राहिला. त्याच्या अंगात बऱ्याच दिवसांनी काहीतरी जागं झालं होतं. नवे लोक म्हणजे नव्या भाषा. आणि भाषा म्हणजे तो.

"किनाऱ्यावर उतरल्यावर त्यांच्याशी बोलता कसं?" त्याने विचारलं.

"सोपं आहे, काका. पहिल्या फेरीला दोघंचौघं धरून आणायचे. लिस्बनला ठेवायचे, बाप्तिस्मा द्यायचा, आपली भाषा शिकवायची. पुढच्या फेरीला तेच दुभाषे."

"आणि तुमच्यातलं कुणी त्यांची भाषा शिकत नाही?"

आन्फ्रेओनेने त्याच्याकडे पाहिलं. तो थट्टा करत नव्हता, त्याला खरोखरच प्रश्न कळला नव्हता. "कशाला?"

"म्हणजे, समजा, बाजारात दोन माणसं उभी आहेत. तुमचा दुभाषा त्यांच्यातला. तो काय सांगतो, खरं की खोटं, तुम्हाला कसं कळणार? मला पाठवा. मला एक भाषा यायला फार दिवस लागत नाहीत. काफात हमालांच्या नुसतं मागे मागे हिंडून मी..."

"बाबा," लोदिझियो म्हणाला, "मासा घ्या ना."

"मी शिकेन," ओबेर्तो म्हणाला. आवाज वाजवीपेक्षा चढला हे त्याला कळलं. "या वयातही शिकेन."

"अहो काका, तुम्ही कशाला तोंड दुखवून घेता?" पाहुणा समजुतीने म्हणाला. "ते शिकतात ना. पटापट शिकतात. एकदा घरापासून लांब नेलं की काय करतील बिचारे? शिकावंच लागतं." आणि तो पुन्हा मोठ्याने हसला. पेलेग्रा माशाचं भांडं उचलून आत गेली. ओबेर्तोला वाटलं, आपण म्हातारे झालो हे दुःख नाही. म्हातारपण सगळ्यांनाच येतं. आपण ज्या कामात मुरलो त्या कामाचीच कुणाला आठवण राहिलेली नाही. या माणसाला ती जागाच दिसत नव्हती, दोन माणसांच्या मधली, जिथे तो आयुष्यभर उभा होता.

त्याच्या पुढच्या रविवारी त्याने देवळात जरा जास्तच केलं. प्रार्थना संपून लोक बाहेर पडत होते. मार्ता गादी काखोटीला मारून बाईसाहेबांच्या मागे निघाली, आणि ती आता निघून जाणार, पुन्हा सात दिवस हे तोंड असंच बंद राहणार, या विचाराने त्याच्या डोक्यात काहीतरी सटकलं. "थांब!" तो तातारीत ओरडला. मोठ्याने. आणि मार्ता थांबली. वळली नाही, मान हलवली नाही, पाय उचललेला होता तो जिथे पडला तिथे ठेवून ती खिळल्यासारखी उभी राहिली. ओबेर्तोला आनंदाने घाम फुटला. कळलं! तिला सगळं कळतंय! मग व्हिओलांतेबाईंनी मागे वळून आधी मार्ताकडे, मग त्याच्याकडे, नीट निरखून पाहिलं. "मार्ता, चल," त्या म्हणाल्या, तेव्हा तिचा दुसरा पाय उचलला गेला.

दोन दिवसांत ते गल्लीभर झालं. मासेवाली म्हणाली, "काय ओबेर्तोकाका, या वयात देवळाची एवढी ओढ? देव दिसतो की गादीवाली?" घरी पेलेग्राने भांडी आपटायला सुरुवात केली आणि मग न राहवून ती उसळली.

"लाज कशी वाटत नाही तुम्हाला? एका दासीच्या मागे भर देवळात ओरडता?"

"तसलं काही नाही त्यात. मला बोलायचं होतं."

"मग आमच्याशी बोला! आम्ही काय मुके आहोत?"

"तू बोल," तो म्हणाला. "तुझ्या आईच्या भाषेत एक वाक्य बोल. मी परत त्या देवळाची पायरी चढणार नाही."

पेलेग्राचे ओठ हलले. क्षणभर त्याला वाटलं, आता बोलेल. पण ती जिनोईतच बोलली, हळू आवाजात. "इथे ती भाषा कोणाची समजतात ठाऊक आहे ना, बाबा? घागरी भरणाऱ्या दासींची. माझ्या सासूने पहिल्या वर्षी मला काय हाक मारली होती माहिती आहे? तातारीण. पाहुण्यांसमोर. मी किती कष्टाने ते पुसलंय. लिस्बनला मला कुणी ओळखत नाही. तिथे मी साधी जिनोआची बाई असेन. तेवढं तरी होऊ द्या." ती फडक्याला हात पुसत राहिली, कोरडे झाले तरी पुसत राहिली. पण त्याच्या मनात एवढंच आलं, की ही नाही, तर ती. दुसरं कुणी नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी चांगला अंगरखा घालून तो सरळ व्हिओलांतेबाईंच्या घरी गेला. बाई अंगणात बसल्या होत्या, सुजलेला पाय चौरंगावर ठेवून. मोठमोठ्या कुंड्यांतून लिंबाची झाडं होती आणि चार भिंतींमध्ये आभाळाचा एक चौकोन. त्यांना त्याला बघून राग आला नाही. उलट कंटाळलेल्या दुपारी कुणीतरी आल्याचा आनंदच दिसला.

"या, देवळात ओरडणारे," त्या म्हणाल्या. "काय, लग्नबिग्न करायचंय की काय माझ्या मार्ताशी?"

"नाही, बाईसाहेब. मी काफाचा दुभाषा. ती तातारी बोलते, मी ऐकलंय. तिने माझ्याशी थोडा वेळ बोलावं, तुमच्यादेखत, एवढीच विनंती आहे."

"कशाबद्दल?"

इतक्या दिवसांत त्याने हा विचारच केला नव्हता. "कशाबद्दलही," तो म्हणाला. "हवापाण्याबद्दल."

व्हिओलांतेबाई खूप हसल्या. "एवढी वर्षं माझ्या घरात आहे, मला नाही कधी ऐकवली ती भाषा. मार्ता! ए मार्ता! इकडे ये."

मार्ता स्वयंपाकघरातून आली, हाताला पीठ लागलेलं. ओबेर्तोला पाहून ती दाराच्या चौकटीतच थांबली. जवळून तिच्या कपाळावर एक जुना पांढरा व्रण दिसत होता. ओबेर्तो उठून उभा राहिला. त्याला कारकून पूर्वी त्याच्यासाठी उभा राहायचा ते आठवलं.

"हे काफाचे गृहस्थ," बाई म्हणाल्या. "यांना तुझी ती तातारी ऐकायची आहे. बोल."

"काय बोलू?" मार्ताने जिनोईत विचारलं. तिची जिनोई ओबेर्तोपेक्षा सफाईदार होती, याच गल्लीतली.

"जे येतं ते बोल गं. एवढे आशेने आलेत."

मार्ताने पिठाचे हात पुढे एकावर एक धरले. नजर जमिनीकडे नेली. आणि ती बोलू लागली, एकेक शब्द, मध्ये तेवढीच जागा सोडून, एकाच पट्टीत. "ऊठ. चल. थांब. गप्प. तोंड उघड. वळ." मग क्षणभर थांबून, शाळेतल्या पोराने शेवटची ओळ म्हणावी तशी, तिने ती कुत्र्याच्या अवलादीची शिवी म्हटली.

उच्चार अचूक होते. इतके अचूक की ओबेर्तोला त्यांत बोलणाऱ्याचं तोंड दिसलं. ते शूशानचं तोंड नव्हतं. धक्क्यामागच्या वखारीत दोरांची वेटोळी खांद्यावर टाकून उभे असायचे त्या गुलाम हाकणाऱ्यांचं होतं. तोच ओढून धरलेला स्वर, शेवटी तोच झटका. त्या वासाने तो दारातून परत फिरायचा.

"काय म्हणाली?" व्हिओलांतेबाई पुढे वाकल्या. "अहो, सांगा की! तुम्ही दुभाषे ना?"

या शहरात पाऊल ठेवल्यापासून हे त्याला कुणी विचारलं नव्हतं. तो ताठ उभा राहिला. हात आपोआप पाठीमागे गेले. "ऊठ," त्याने जिनोईत सांगितलं. "चल. थांब. गप्प. तोंड उघड. वळ." आणि शिवीसुद्धा सांगितली, काही न गाळता.

"म्हणजे? ही काय भाषा झाली? गुरं हाकतात तसली?"

"मला एवढीच येते, बाईसाहेब," मार्ता म्हणाली. "वाटेत शिकले."

अंगणात कुठेतरी पाणी ठिबकत होतं. ओबेर्तोला देवळातला तो खांब आठवला, आपली कुजबुज आठवली. कुठली तू, भिऊ नकोस, मला बोलायचंय. त्यातलं तिला काही कळलं नव्हतं. कळला होता तो एकच शब्द, आणि तो कळल्याबरोबर ती थांबली होती.

"मग तुझी भाषा कुठली?" त्याने विचारलं. जिनोईत.

"डोंगरातली. चेर्केसी."

चेर्केसी त्याला येत नव्हती. काफात कुणालाच यायची गरज नव्हती. डोंगरातले लोक वखारीत येत आणि गलबतात जात, मध्ये काही बोलायचं नसे.

"बोल की मग ती," बाई म्हणाल्या. त्यांना आता खरंच मौज वाटू लागली होती.

मार्ताने डोकं वर केलं. या वेळी ती जमिनीकडे बघत नव्हती, लिंबाच्या झाडाकडे बघत होती. पहिला शब्द तिला सापडेना. ओठ दोनदा उघडून मिटले. मग एक आला, मग त्याच्या मागून दुसरा, आणि मग एकदम पुष्कळ, ओढ्यातले गोटे एकमेकांवर आपटत यावेत तसे, काही घशात खडखडणारे, काही दातांत चावल्यासारखे. मध्येच ती अडखळली, हाताने काहीतरी उंची दाखवली, गुडघ्याएवढी, आणि हसली. मग आवाज खाली गेला, शेवटचे शब्द ती जवळजवळ स्वतःशीच बोलली. ओबेर्तो कान ताणून ऐकत होता. सगळं आयुष्य ज्या कानांवर काढलं ते कान. त्यांत एकही शब्द अडकला नाही.

"आता?" व्हिओलांतेबाईंनी उतावीळपणे विचारलं. "आता काय म्हणाली?"

ओबेर्तोने तोंड उघडलं. मार्ता त्याच्याकडे पाहत होती, आज पहिल्यांदाच सरळ, आणि तिच्या डोळ्यांत भीती नव्हती.

"कळलं नाही, बाईसाहेब."

"काहीच नाही?"

"काहीच नाही."

"मला जायला हवं," मार्ता म्हणाली. "दूध उतू जाईल." आणि ती आत गेली.

परतताना चढावर तो कुठे थांबला नाही. तिच्या बोलण्याचे आवाज त्याने तोंडात धरून ठेवले होते. लहानपणी हमालांच्या मागे हिंडताना तो असंच करायचा, अर्थ नंतर मिळेल, आधी आवाज सांडू द्यायचा नाही. ते गुडघ्याएवढी उंची दाखवतानाचं, त्याच्या आधीचं ते घशातलं, त्याच्या नंतरचं हसणं. ओठ हलवत तो चालला होता आणि माणसं बाजूला होत होती. एका वळणावर पहिला तुकडा गेला. तो परत सुरुवातीपासून म्हणायला लागला, तर सुरुवातच वेगळी वाटली. घराच्या दारात दोन हमाल उभे होते, लोदिझियोच्या कापडाचे गठ्ठे बंदरावर न्यायला आलेले. जिना भरून गेला होता. वर पेलेग्रा केस फडक्यात बांधून घामाघूम उभी होती.

"बाबा, बरं झालं आलात. हे लोक विचारताहेत..."

त्याने हात वर केला. थांब. एवढं एक, गुडघ्याच्या उंचीचं, तेवढं तरी. त्याने डोळे मिटले.

"बाबा, काय होतंय? चक्कर येतेय का? बसा. अरे, जरा त्यांना जागा द्या रे!" हमालांनी गठ्ठे टेकवले, एक काहीतरी पुटपुटला, दुसरा हसला, खाली गल्लीत कुणीतरी शिटी वाजवली. त्याने तोंडात चाचपून पाहिलं. काही उरलं नव्हतं. जिनोई उरली होती, सगळीकडे, जिन्यात, गठ्ठ्यांवर, मुलीच्या काळजीने भरलेल्या तोंडावर.

त्याने डोळे उघडले. पेलेग्राच्या कपाळाला कापडाचा धागा चिकटला होता. तो त्याने काढला.

"काही नाही," तो म्हणाला. "काय विचारताहेत ते?"

"तुमची पेटी. आजच्या खेपेला न्यायची का, की..."

ओबेर्तो हमालांकडे वळला. "वर आहे," तो म्हणाला. "उजवीकडच्या खोलीत. घेऊन जा."